'कु.' म्हणजे नक्की काय? एका थैलीत निघालेले चार 'कु.'

रातांबा:
मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. विषय एका अक्षराचा आहे पण दोन रात्री त्यानेच डोकं खाल्लंय.

गणपती आटपून बाबा गावाहून (ता. राजापूर) परत आले ते आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेतली कागदांची कापडी थैली घेऊनच. वाळवी लागायला लागली होती म्हणाले. मी रविवारी सगळं जमिनीवर पसरून लावायला बसले आणि लक्षात आलं की जिथे बघावं तिथे 'कु.' आहे.

आत्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'कु.' आहे, ते कुमारी, ते सरळ आहे. एका सातबाऱ्यावर पणजोबांच्या नावाआधी 'ए.कु.मॅ.' आहे. एका खरेदीखतात शेवटी सहीपाशी 'तर्फे कु.मु. म्हणून' असं आहे. आणि चौथा जो आहे तो खरा प्रश्न. आजोबांनी स्वतःच्या हाताने वहीच्या कागदावर कुठल्यातरी उताऱ्याची नक्कल करून ठेवलीय, वर रकान्यांची नावं नाहीत, नुसत्या उभ्या रेघा. त्यात एका बाईचं नाव आहे, आधी 'कु.'. नाव इथे देत नाही, 'ग' वरून सुरू होतं एवढंच.

आमच्या घरात ही बाई म्हणजे पणजोबांची लग्नाआधीच गेलेली बहीण असं मानतात. आजीने वंशावळीत तिला फांदी काढून बसवलंय. दर सर्वपित्रीला तिच्यासाठी एक पान वेगळं वाढतात, मी लहानपणापासून बघतेय. पण बाकी तिची काही म्हणजे काही माहिती कोणाकडे नाही. म्हणून विचारते, 'कु.' ची किती रूपं तुम्हाला माहीत आहेत, आणि ही पद्धत आली कुठून? सर्वपित्री दहा दिवसांवर आलीय.

कुळीथ:
कु. म्हणजे कुळीथ. विषय संपला. पिठी टाका, वर तूप, गरम भात.

सुरमई_सहा:
आमच्याकडे कु. म्हणजे कुडाळ.

पाटीवरची:
मी चिपळूणजवळ एकतीस वर्षं शाळेत होते, त्यातली बरीच वर्षं हजेरीपट लिहिण्यात गेली. मुलींची नावं लाल शाईने आणि मुलांची निळ्या शाईने लिहायची आमच्याकडे पद्धत, त्यामुळे हजेरीत 'कु.' लिहायची गरजच पडायची नाही. गरज पडायची ती बाहेर काही पाठवताना, स्पर्धेची यादी, बक्षिसाची यादी. आणि तिथेच घोळ. कुमार आणि कुमारी दोघांचंही 'कु.' च होतं की. आमच्या शाळेतल्या एका किरणला तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मुलींच्या गटातलं पहिलं बक्षीस जाहीर झालं होतं, कारण यादीत कु. किरण. तो बिचारा स्टेजवर गेला आणि पाहुण्या बाई पुढच्या मुलीची वाट बघत उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून मी 'कुमार' आणि 'कुमारी' पूर्ण लिहायला लागले, शाई जाते तर जाऊदे.

मुलांना पत्रात, पत्रिकेत 'चि.' मिळालं म्हणून 'कु.' हळूहळू मुलींकडे राहिलं असं मला वाटतं. आणि मुलीचं सुद्धा लग्न ठरलं की एका रात्रीत 'कु.' जाऊन 'चि. सौ. कां.' होतं.

जांभा:
पाटीवरची बाई, चि. सौ. कां. मधलं 'कां.' म्हणजे कांता असं मी लग्न होईपर्यंत समजत होतो. माझ्याच पत्रिकेचं प्रूफ तपासताना प्रेसवाल्याने सांगितलं, सौभाग्यकांक्षिणी.

उपकेंद्र:
अजून एक घ्या. मी आरोग्य खात्यात नर्स आहे, दापोली बाजूला. आमच्या रजिस्टरात 'कु.क.' म्हणजे कुटुंब कल्याण. आधी ते 'कु.नि.' होतं, कुटुंब नियोजन. कार्यक्रम १९५२ पासूनचा आणि १९७७ साली 'नियोजन' जाऊन 'कल्याण' आलं, पण म्हातारी माणसं अजून नियोजनच म्हणतात. लाल उलटा त्रिकोण आठवत असेल सगळ्यांना, भिंतीभिंतीवर असायचा.

एकदा फळ्यावर 'उद्या कु.क. शिबिर' लिहिलेलं होतं. सातवीतल्या दोन पोरी वही घेऊन आल्या, म्हणे बाई आमचं नाव घ्या, आम्हाला केक शिकायचाय. त्यांनी 'कुक शिबिर' वाचलं होतं. मी त्यांना बसवलं, चहा दिला, आणि आठ दिवसांनी खरंच आहाराचं शिबिर घेतलं नाचणीचे लाडू करायचं. सगळ्यात जास्त गर्दीचं शिबिर झालं ते त्या वर्षातलं.

तिठा:
रातांबा, मी वकिली करतो, कणकवलीला. तुमचे दोन आणि तीन नंबरचे 'कु.' सांगतो, चौथ्यासाठी जाणकार माणूस इथे आहे, निवृत्त_सज्जा, ते येतीलच.

'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. अर्धं मराठी अर्धं इंग्रजी, पण सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं असंच चाललंय. पाच भाऊ, चार मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत, एक गावाला. मग जो गावाला किंवा जो मोठा त्याचं एकट्याचं नाव लागायचं, आधी ए.कु.मॅ., म्हणजे हा सगळ्यांच्या वतीने आहे, एकटा मालक नाही. पुढच्या पिढीला ती तीन अक्षरं कळेनाशी होतात. माझ्याकडे एक जण आला होता त्याला वाटत होतं एकुम हे आडनावासारखं काहीतरी घराण्याचं नाव आहे! आणि दुसरीकडे त्या मॅनेजरची मुलं म्हणतात बापाचं नाव आहे म्हणजे बापाची जमीन. कोकणातले निम्मे भावकीचे दावे या तीन अक्षरांतून उगवतात, हे मी कोर्टात उभं राहून राहून झालेल्या मतावरून सांगतो. ही नोंद कमी करून सगळ्या सहहिस्सेदारांची नावं लावून घ्यायला ई-हक्क प्रणालीवरून अर्ज करता येतो, रातांबा तुमच्या बाबांना जरूर सांगा. आत्याचं नावही लागलंय का बघा. बहिणी राहून गेलेल्या असतात नेहमी.

'कु.मु.' म्हणजे कुलमुखत्यार. मालक मुंबईत, सही करायला माणूस गावात, त्याला दिलेलं ते कुलमुखत्यारपत्र. आता गंमत बघा, या 'कुल' चा कुळाशी, घराण्याशी काही एक संबंध नाही. हा अरबी 'कुल्ल', म्हणजे सगळं, समग्र. मुखत्यार म्हणजे ज्याला अधिकार दिलाय तो. सगळ्या कामांचा अधिकार दिलेला तो कुलमुखत्यार. तुमच्या एका थैलीत एकाच 'कु.' मध्ये संस्कृत आणि अरबी शेजारी शेजारी बसलेत.

कुळीथ:
तिठा वकीलसाहेब, म्हणजे कुलदैवतातला कुल वेगळा आणि कुलमुखत्यारातला कुल वेगळा? मी आजपर्यंत एकच समजत होतो. कुळाने दिलेला मुखत्यार.

तिठा:
अगदी वेगळा. दिसायला जुळे, आईबाप वेगळे.

मोडीची_गोडी:
रातांबाने विचारलंय ही पद्धत आली कुठून. टिंब देऊन शब्द तोडायची रीत छापखान्याबरोबर इंग्रजी बघून रुळली, पण शब्द तोडायची सवय त्याच्या कितीतरी आधीची. मोडीतली जुनी कागदपत्रं वाचताना निम्मं डोकं यातच जातं. तिथे टिंब नाही, उभे दंड असतात. प॥ म्हणजे परगणे, मु॥ म्हणजे मुक्काम. बोरूने लिहायचं, दिवसाला डझनभर पत्रं, आणि वाचणाराही त्याच कचेरीतला, त्याला सगळं पाठ. त्याच्या पणतवाला हे वाचावं लागेल असं त्याच्या मनात कुठून येणार?

आणि दुसरी गोष्ट महत्त्वाची. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. 'कु' आणि 'कू' एकच. रातांबा, तुमचे आजोबा मोडी शिकलेले होते का? त्या पिढीतली बरीच माणसं बाळबोध (देवनागरी) लिहितानाही मोडीच्या सवयीने लिहायची. तसं असेल तर तुमचा चौथा 'कु.' कदाचित 'कू.' असेल. मला शंका आहे, पण मी महसुलातला नाही.

रातांबा:
हो, आजोबांची सही मोडीत होती! पण 'कू.' ने काय होतं?

अलिबागचा_पांढरा_कांदा:
विषय निघालाच आहे तर. माझ्या आजोबांना आलेल्या जुन्या पोस्टकार्डांवर पत्ता 'ता. अलिबाग जि. कु.' असा. माझी मुलगी विचारते जि. कु. म्हणजे जिल्हा कुठला, कुठला म्हणून कु. का? कुलाबा गं बाई. १ जानेवारी १९८१ ला कुलाब्याचा रायगड झाला. तिला कुलाबा म्हणजे मुंबईतला एवढाच माहीत, आमच्या समुद्रातला कुलाबा किल्ला रोज दिसतो तरी.

सुरमई_सहा:
आणि त्याच वर्षी १ मे ला आमचा सिंधुदुर्ग रत्नागिरीपासून वेगळा झाला. माझ्या वडिलांच्या दाखल्यावर जि. रत्नागिरी, माझ्या दाखल्यावर जि. सिंधुदुर्ग, घर तेच, माड तेच.

वायंगण:
सावंतवाडीकडचा आहे. आमच्या घरी जुना भाताचा हिशोब आहे त्यात 'कु.' म्हणजे कुडव. वीस कुडवांची खंडी. आजी अजून कुडवातच बोलते, ह्या वर्साक किती कुडव झाला म्हणान इचारता. क्विंटल सांगितलं की गप्प बसते, आणि मनात परत कुडव करते.

पण मी लिहितोय ते वेगळ्यासाठी. मोडीची_गोडी जे म्हणतायत ते मला पटतंय. रातांबा, तुमची ती बाई कुमारी नसेल. ती कूळ असेल, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारी.

निवृत्त_सज्जा:
उशीर झाला, भात कापणीच्या आधी वईचं काम काढलं होतं. सगळं वाचलं.

मी तलाठी म्हणून अडतीस वर्षं काढली, रत्नागिरी जिल्ह्यातच. आता सांगतो ते नीट बघा. शासनाच्या उताऱ्यात, कुठल्याही, मुलीच्या नावाआधी कुमारी लावायची पद्धत मी पाहिलेली नाही. तिथे नातं नावाच्या नंतर लिहितात. पुरुष असेल तर 'बिन', अमक्याचा मुलगा. मुसलमान खातेदार असेल तर बहुतेक 'वलद'. बाई असेल तर 'कोम', 'जोजे' किंवा 'भ्र.'. नावाआधी जर काही असेल तर ते माणसाचं नातं नसून त्याचा जमिनीशी संबंध असतो. ए.कु.मॅ. तसंच. अ.पा.क. तसंच, अज्ञान पालनकर्ता, म्हणजे मूल लहान आहे आणि त्याच्या वतीने हा माणूस. आणि सं.कु. म्हणजे संरक्षित कूळ, सा.कु. म्हणजे साधं कूळ, आणि नुसतं कु. म्हणजे नुसतं कूळ.

गाव नमुना सात मध्ये भोगवटादाराच्या पलीकडे कुळाच्या नावाचा रकाना असतो. आजोबांनी रकान्याचं डोकं उतरवलं नाही कारण त्यांना ते माहीतच होतं, म्हणून त्यांनी नावाआधी 'कु.' टाकलं असणार.

आणि कुळीथ, तुम्ही गंमतीत लिहिलंत पण पिकाच्या नोंदीत, म्हणजे नमुना बारा मध्ये, घाईच्या वेळी मी स्वतः कुळथासाठी 'कु.' लिहिलंय. नाचणीला 'ना.'. तेव्हा तुमचंही बरोबर.

रातांबा, त्या बाईच्या नावानंतर काय आहे ते सांगा आधी.

कुळीथ:
बघा! सेवानिवृत्त अधिकाऱ्याचा शिक्का बसला.

रातांबा:
निवृत्त_सज्जा काका, नावानंतर 'भ्र.' आहे आणि मग एका पुरुषाचं नाव. आम्ही ते 'भ्रा.' समजत होतो. भ्राता. म्हणजे अमक्याची बहीण. आणि ते पुरुषाचं नाव नेमकं पणजोबांच्या मोठ्या भावाचं होतं, म्हणून तर आजीने तिला बहीण म्हणून बसवलं.

निवृत्त_सज्जा:
भ्र. म्हणजे भ्रतार. नवरा. ती लग्न झालेली बाई आहे. नवऱ्याचं नाव तुमच्या पणजोबांच्या भावासारखं असणं काही नवल नाही, त्या काळी गावात तीच दहा-बारा नावं. तिच्या स्वतःच्या नावावर कूळ म्हणून नोंद आहे याचा अर्थ बहुतेक नवरा वारलेला होता आणि ती एकटी जमीन कसत होती.

पाटीवरची:
वाचून अंगावर काटा आला. एका 'कु.' ने कुमारी केली आणि एका 'भ्र.' ने बहीण केली.

जांभा:
एक शंका. कूळ म्हणजे घराणं, वंश. मग जमीन कसणाऱ्याला कूळ का म्हणतात? तिथेही दोन वेगळे शब्द आहेत की एकच?

मोडीची_गोडी:
एकच, संस्कृत 'कुल'. कुल म्हणजे घर, कुटुंब. सरकार सारा वसूल करायचं तो कसणाऱ्या घराकडून, म्हणून वसुलीच्या हिशोबात एकेक घर म्हणजे एकेक कूळ, आणि मग ज्याच्याकडून येणं आहे तो प्रत्येक जण कूळ. जुन्या भाषेत सावकाराचा ऋणको कूळ आणि वकिलाचं अशीलही कूळ. त्या कुळांचा हिशोब ठेवणारा तो कुळकर्णी. कोकणात शेतकऱ्याला कुळवाडी म्हणतात ते तिथलंच, आणि जोतीराव फुल्यांनी १८६९ च्या पवाड्यात शिवाजी महाराजांना कुळवाडीभूषण म्हटलं तेही हेच कूळ.

आणि ऱ्हस्व-दीर्घाचं सांगतो. नियमाने एकवचनात 'कूळ' दीर्घ, पण विभक्ती लागली की 'कुळाचा', 'कुळाला' ऱ्हस्व. त्यामुळे कुळाचं नाव या रकान्यातला 'कु.' ऱ्हस्व लिहिणं अगदी बरोबरच आहे.

दर्यासारंग:
आता या विषयावर आलातच तर मी स्पष्ट लिहितो. आमची सव्वा दोन एकर जमीन कुळांनी खाल्ली. आजोबा पोस्टात, बदली विदर्भात, एका मोसमात कसायला दिली आणि कायमची गेली. घरात अजून 'कूळ' शब्द काढला की वडील उठून बाहेर जातात. त्या दोन अक्षरांचं कौतुक मला होणार नाही.

वायंगण:
दर्यासारंग, तुमच्या आजोबांवर अन्याय झाला असेल, मी नाही म्हणत नाही. पण 'खाल्ली' हा शब्द मी लहानपणापासून ऐकतोय, आज उत्तर देतो.

माझी पणजी कूळ होती. खोताची जमीन, अर्धेल. म्हणजे भात झालं की निम्मं त्याच्या खळ्यात, आणि बी आपलं, बैल आपले, राब भाजायचा (रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायचा) आपण, चिखलात वाकायचं आपण. पाऊस फसला तरी खंड चुकायचा नाही. शिवाय वेठ वेगळी, त्यांच्या घरचं लग्न असलं की लाकडं फोडायला, पाणी भरायला जायचं. आणि पावती नाही. चार पिढ्या एकाच मळ्यात नांगर धरून कुठे एका कागदावर नाव नव्हतं. १९४८ चा कूळ कायदा आला, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन ठरला, आणि तलाठ्याने आमच्या पणजीचं नाव उताऱ्यावर लिहिलं, आधी 'कु.'. आमच्या घराण्याचं नाव कुठल्याही सरकारी कागदावर पहिल्यांदा लागलं ते असं. तुमच्या घरात त्या अक्षरावर वडील उठून जातात, आमच्या घरात तो उतारा देवाऱ्याच्या मागे गुंडाळी करून ठेवलाय.

अलिबागचा_पांढरा_कांदा:
वायंगण +१. आमच्या तालुक्यात चरी गावचा संप झाला तो याच साठी, १९३३ ते १९३९. सहा वर्षं शेतकऱ्यांनी खोतांची जमीन कसली नाही. नारायण नागू पाटील पुढे होते. लोकांनी लाकूडफाटा विकून, करवंदं विकून दिवस काढले असं आमचे म्हातारे सांगायचे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं ते त्या संपाच्या काळातच. १९३९ च्या कायद्याने संरक्षित कूळ हा शब्द आला आणि १९४९ च्या कायद्याने खोती गेली.

तिठा:
दर्यासारंग आणि वायंगण, दोघांचंही मी रोज ऑफिसात ऐकतो, कधी कधी एकाच दिवशी. एक कायद्याचा बारकावा सांगतो कारण तो रातांबाच्या प्रश्नाला लागू होऊ शकतो. कृषक दिनाला कुळाला जमीन विकत घ्यायचा हक्क मिळाला, पण मालक जर विधवा, अज्ञान मूल किंवा अपंग असेल तर तो हक्क पुढे ढकलला जायचा, कूळ कायद्याच्या कलम ३२ फ खाली. नाहीतर ३२ ग ची चौकशी व्हायची, शेतजमीन न्यायाधिकरण किंमत ठरवायचं, ती भरली की ३२ म चं प्रमाणपत्र. दर्यासारंग, तुमच्या आजोबांना ३२ ग ची नोटीस आली होती का, ते फेरफार (हक्कबदलाची नोंद) काढून बघा. राग राहील कदाचित, पण काय झालं ते तरी कळेल.

दर्यासारंग:
काढतो. वायंगण, राब भाजण्याचं तुम्ही लिहिलंत ते वाचून थांबलो जरा. आमच्या घरात भाताची गोष्ट नेहमी खळ्यापासून सुरू होते, त्याच्या आधीचं कोणी सांगितलंच नाही.

सुरमई_सहा:
रातांबा, आत्याला विचारलंत का?

उपकेंद्र:
हो ना, सर्वपित्री परवावर आली. पान कोणाचं?

रातांबा:
सगळ्यांचे मनापासून आभार, काल दिवसभर फोनवर होते म्हणून उशीर.

आत्या ब्याऐंशीची आहे, ऐकू कमी येतं पण आठवण पक्की. मी तिला नाव सांगितलं, नवऱ्याचं नाव सांगितलं, आणि कुमारी नसून कूळ असं म्हटल्यावर ती म्हणाली, "अगं ती खालच्या वाडीतली. मला खांद्यावर घेऊन पऱ्ह्या ओलांडायची." वहाळाच्या (ओढ्याच्या) पलीकडे आमची जी दळी (भाताची खाचरं) होती ती ही बाई लावायची. नवरा तरुणपणी साप चावून गेलेला. आत्याला तिचे हात आठवतात, बोटांच्या बेचक्या पावसाळ्यात चिखलाने कुजलेल्या असायच्या आणि ती त्यांना हळद आणि गोडं तेल लावून चुलीपाशी बसायची. आमच्याच चुलीपाशी नव्हे, पडवीच्या पायरीवर, आत यायचं नसायचं, असंही आत्या म्हणाली, आणि मग थोडा वेळ काही बोलली नाही.

मग आत्यानेच तिच्या नातवाचं नाव सांगितलं. गावातल्या किराणा दुकानदाराकडून नंबर घेतला. तो लांज्याला रिक्षा चालवतो. मी घाबरतच फोन केला, काय सांगणार, तुमच्या आजीला आम्ही चाळीस वर्षं चुकून आमची आत्या समजतोय? तो ऐकून घेत होता, मग म्हणाला थांबा, आणि संध्याकाळी फोटो पाठवला. ३२ म चं प्रमाणपत्र, पॉलिथिनमध्ये घातलेलं, घड्यांवर चिकटपट्टी. त्यावर तिचं नाव पूर्ण अक्षरात आहे. कुठेही कु. नाही, भ्र. नाही. वहाळाच्या पलीकडचा तो तुकडा तिने विकत घेतलेला होता. म्हणजे निवृत्त_सज्जा काका, आजोबांची नक्कल त्याच्या आधीची.

निवृत्त_सज्जा:
बरोबर. चौकशीला जाताना दोन्ही बाजू अशी नक्कल उतरवून नेत. तुमच्या आजोबांनी तिचं कूळ असणं नाकारलं की कबूल केलं ते ३२ ग च्या निकालात असेल. तहसीलदार कार्यालयात अभिलेख कक्षात नक्कल मागा, गाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर द्या.

रातांबा:
मागते काका. कबूल केलं असेल असं वाटतंय, कारण कागदाच्या मागे आजोबांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय 'हिचे म्हणणे खरे'. मी ते आधी वाचलंच नव्हतं, पुढच्याच बाजूला अडकले होते.

आणि उपकेंद्र, पानाचं विचारलंत. आई म्हणाली आता ठेवायचं कशाला, आपली नव्हेच ती. आत्याने फोनवर ओरडून सांगितलं की पान राहील, आणि या वेळी तिच्या नातवाला विचारून तिला आवडायचं ते करा. तो म्हणाला शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि तांदळाची भाकरी.

कुळीथ:
आणि कुळथाची पिठी?

रातांबा:
विचारलं. तीही.